मराठीत ऑनलाइन रोलप्ले खेळ सुरू करायचाय? तयारीपासून पहिल्या महिन्यापर्यंत

लिहून खेळायचा रोलप्ले खेळ मराठीत सुरू करावा असं वाटणारे बरेच जण भेटतात. त्यांच्याकडे कथा असते, चार हौशी मित्र असतात, कुणाला तरी डिस्कॉर्ड हे गटाने गप्पा मारायचं ॲप चांगलं येत असतं. तरी खेळ महिन्याभरात थंडावतो. मी सांगलीत राहून असे खेळ चालवते, इतरांचे सुरू होताना आणि बंद पडतानाही जवळून पाहिलेत. माझं ठाम मत आहे की बहुतेक खेळ सुरुवातीच्या वेगापायी मरतात. जग रचण्यात चार महिने जातात, मग एका दिवसात सगळ्यांना आत घेतलं जातं, पहिल्याच रात्री दोनशे पोस्ट पडतात. दुसऱ्या दिवशी कामावरून दमून आलेला माणूस ‘हे सगळं वाचायचं कधी’ म्हणून ॲप बंद करतो, तो पुन्हा फिरकत नाही.

खाली दिलेली पद्धत सहा ते बारा जणांच्या खेळासाठी आहे. सूत्रधार जग आणि प्रसंग लिहितो, प्रत्येक खेळाडू आपल्या एका पात्राचं बोलणं-वागणं लिहितो, आणि सगळं ज्याच्या त्याच्या सवडीने पोस्टमधून चालतं. उदाहरणासाठी पूर्ण लेखात एकच खेळ घेतला आहे: १८५३ साली सांगलीहून बैलगाड्या घेऊन मुंबईला निघालेली एक काल्पनिक नाटक मंडळी.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- खेळाची ओळख, एका पानात
- नियम आणि हद्दी, दुसऱ्या पानात
- डिस्कॉर्डचा सर्व्हर, म्हणजे तिथली आपल्या खेळापुरती जागा, आणि खेळाडूला काय दिसतं ते तपासायला तुमचंच एक दुसरं खातं
- पात्राच्या नोंदणीसाठी गूगल फॉर्म
- एक साधी शीट: खेळाडू, पात्र, शेवटची पोस्ट कधी
- पात्राच्या नावाने आणि चित्राने पोस्ट टाकता येईल असा बॉट (सर्व्हरवर आपोआप काम करणारा प्रोग्रॅम), उदाहरणार्थ टपरबॉक्स
- फासे टाकणारा बॉट, खेळात फासे असतील तरच
- फोनवर देवनागरी कीबोर्ड
- एक सहसूत्रधार

यातला शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. तुम्हाला ताप येईल, घरात लग्न निघेल, शेतावर मजूर येतील. त्या आठवड्यात खेळ कोण पुढे नेणार, हे आधीच ठरलेलं असू द्या.

१. खेळ एका दमात सांगता आला पाहिजे

‘ऐतिहासिक साहसी खेळ’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. हे बघा: ‘संस्थानिकाचा आश्रय तुटलाय, मंडळीकडे दोन गाड्या आणि थोडी उधारी आहे, मुंबईत तिकीट लावून खेळ करता आला तर सगळे तरतील.’ यात पात्रांना काय हवं, अडचण कोणती आणि शेवट कुठे, तिन्ही आलं. पात्र कसं करायचं हे खेळाडूला लगेच सुचू लागतं: कुणी नाटकातला सूत्रधार, कुणी स्त्रीपार्ट करणारा पोरगा, कुणी हिशेब ठेवणारा, कुणी गाडीवान.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली आप्पासाहेब गेले, आश्रय संपला, आणि १८५३ साली भावे यांच्या मंडळीने मुंबईत खेळ केले. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं प्रसंगाला धरून आयत्या वेळी आपापली भाषणं करायची. रोलप्लेचा सूत्रधार म्हणून तुमचं कामही एवढंच आहे: प्रसंग उभा करायचा आणि बोलणं पात्रांवर सोडायचं. कुणी काय बोलायचं हे तुम्ही मनात आधीच ठरवून ठेवलं असेल तर सरळ कथा लिहा, खेळ नको.

मात्र भावे यांना किंवा कुठल्याही खऱ्या माणसाला खेळातलं पात्र करू नका. खऱ्या माणसाच्या तोंडी वाटेल ते घालणं बरं नव्हे, शिवाय ‘ते असं वागलेच नसते’ हा वाद सुरू झाला की खेळ बाजूला पडतो. काल्पनिक मंडळी, काल्पनिक माणसं, खरा काळ आणि खरा रस्ता ही विभागणी मला सगळ्यात सोयीची वाटते.

२. जग अर्धंच लिहा

सुरुवातीला फक्त निघायच्या जागेचं आणि पहिल्या मुक्कामाचं लिहा. सांगली आणि कराड. सातारा, शिरवळ, पुणे, बोरघाट यांची नावं नकाशावर असू देत, पण तिथे काय घडणार ते खेळाडूंनी पहिल्या मुक्कामात काय केलं यावर ठरू द्या. चाळीस पानांची पार्श्वभूमी कुणी वाचत नाही, आणि जो वाचतो तो इतरांच्या चुका काढत बसतो.

लिहायलाच हवं असं एक पान म्हणजे ‘काय आहे आणि काय नाही’. १८५३ साली कृष्णेवर आयर्विन पूल नाही, तो १९२९चा. नदी नावेने ओलांडायची. सांगली जिल्हा नाही, सांगली हे पटवर्धनांचं संस्थान आहे. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ साली खालसा केली आहे, त्यामुळे साताऱ्यात गाठ पडेल ती कंपनी सरकारच्या माणसांशी. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी त्याच वर्षी १६ एप्रिलला धावली आहे, पण आपल्या भागात रूळ नाहीत. रस्त्यात चहाची टपरी नाही. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करतात. कुणाला बाईचं पात्र हवं असेल तर ती मंडळीतल्या कुणाची बायको, बहीण, सावकारीण, वैद्यीण, वाटेत भेटलेली गाणारी असू शकते. हे पान दिलं की ‘पुलावरून पळत सुटलो’ अशा पोस्ट येत नाहीत, आणि आल्या तर दुरुस्ती गोडीत होते.

३. तारीख ठरवा आणि मागे मोजत या

पहिला प्रश्न खेळाडूंच्या वर्षाचा. आपल्या भागात सगळ्यांना मोकळा असा काळ मिळत नाही. तासगाव-मिरजेकडचा द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीत अडकलेला असतो आणि फेब्रुवारीनंतर काढणीत, बेदाण्यात. कारखान्यावरचा माणूस गळीत हंगामात शिफ्टवर. घरात बारावीचं मूल असेल तर फेब्रुवारी-मार्च सोडून द्या. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा आणि लग्नं, भाद्रपदात गणपती. नदीकाठच्या खेळाडूंसाठी जुलै-ऑगस्ट बेभरवशाचा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा दिवसांत लाईट, नेट आणि मनःस्थिती तिन्ही जातात. म्हणून आधी ज्यांना घेणार त्यातल्या पाच-सहा जणांना विचारा आणि त्यांना सलग आठ आठवडे बऱ्यापैकी मोकळे मिळतील अशी तारीख धरा.

नाटकाशी संबंधित खेळ असेल तर ५ नोव्हेंबरचा, मराठी रंगभूमी दिनाचा मोह होतो. पंचांग बघा. काही वर्षी दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात येते, आणि फराळाच्या दिवसांत पहिला सीन टाकला तर तो वाचायला कुणीच नसतं.

तारीख पक्की झाली की असं मागे या:

- सहा आठवडे आधी: ओळखीचं पान, हद्दींचं पान
- चार आठवडे आधी: सर्व्हर तयार, तीन-चार जणांत चाचणी
- दोन आठवडे आधी: नावनोंदणी उघडायची
- सहा दिवस आधी: नावनोंदणी बंद
- तीन दिवस आधी: सगळी पात्रं मंजूर, गट पाडलेले

नोंदणी बंद होणं आणि पहिला सीन यांत आठवड्यापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. नवीन पात्र लिहिल्यावर जो उत्साह असतो तो फार टिकत नाही. काही तयारी राहिली असेल तर ती राहू द्या, तारीख हलवू नका.

४. जागा: कमी खोल्या, नीट कुलपं

व्हॉट्सॲप ग्रुपवर खेळ सुरू करायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. ग्रुपमधल्या अनोळखी लोकांना एकमेकांचे फोन नंबर दिसतात. अनेक मुली एवढ्या एका कारणाने येत नाहीत. आणि गप्पा, सीन, नियम सगळं एकाच धारेत वाहत जातं. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये विषयवार कप्पे करता येतात, ते त्यातल्या त्यात बरं. मी डिस्कॉर्ड सुचवते.

पहिल्या दिवशी पाच चॅनेल, म्हणजे सर्व्हरमधल्या खोल्या, पुरतात: नियम, सूचना, गप्पा, पात्रपरिचय आणि मुक्काम. चॅनेलची नावं देवनागरीत देता येतात. पुढे गरज पडेल तशी भर घाला. वीस चॅनेलचा रिकामा सर्व्हर बघितला की नवा माणूस बावरतो आणि बारा जणांचं लेखन वीस ठिकाणी विखुरतं.

काही सेटिंग आधीच बघून घ्या:

आमंत्रणाची लिंक. ती आपोआप ठरावीक मुदतीची तयार होते. मुदत काढून टाका किंवा नोंदणीच्या तारखेपर्यंत पुरेल अशी ठेवा, आणि दुसऱ्या खात्यावरून स्वतः उघडून बघा.

परवानग्या. नव्याने आलेल्याला नियम, सूचना आणि गप्पा एवढंच दिसावं. पात्र मंजूर झालं की रोल (कुणाला काय दिसेल हे ठरवणारी खूण) द्यायचा, मग मुक्काम उघडेल.

थ्रेड. काही काळ कुणी लिहिलं नाही की थ्रेड, म्हणजे चॅनेलमधून काढलेला वेगळा संवाद, यादीतून दिसेनासा होतो. नव्या माणसाला वाटतं आपला सीन कुणीतरी उडवला. तो काळ एक आठवड्यावर ठेवा आणि हे नियमांत एका ओळीत लिहून टाका.

पोस्टची लांबी. फुकटच्या खात्याला एका मेसेजमध्ये २,००० अक्षरचिन्हं मिळतात, आणि देवनागरीत मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘मुक्काम’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो सात भरतो. म्हणजे मोठी मराठी पोस्ट साधारण तीनशे शब्दांच्या आसपास अडते. हे खेळाडूंना आधी सांगा, नाहीतर अर्ध्या तासाचं लेखन पाठवताना अडकतं आणि घाईत काहीतरी पुसलं जातं. मोठी पोस्ट नेहमी नोट्समध्ये लिहून मग चिकटवावी.

सीनमध्ये देवनागरीच, गप्पांमध्ये रोमन चालेल, असा नियम मी ठेवते. मराठी कीबोर्डची सवय नसलेल्यांना फोनवर बोलून टाइप करायची सोय दाखवा, चार दिवसांत हात बसतो.

५. हद्दी आधी, नियम नंतर

प्रौढांसाठीच खेळ ठेवा, ते सगळ्यांना सोपं जातं. मग दोन याद्या करा. एक, खेळात अजिबात न येणाऱ्या गोष्टी. दुसरी, कथेत घडू शकतात पण तपशीलात लिहायच्या नाहीत अशा गोष्टी. प्रत्येक खेळाडूला तुम्हाला खासगीत लिहून यात भर घालता आली पाहिजे आणि कारण विचारलं जाता कामा नये.

जुना काळ घेतला की जातीचा प्रश्न येणारच. १८५३च्या गावात मुक्काम म्हणजे पाणवठा कुणाचा, पंगत कुणाची, हे आलं. आपण ते कथेत कसं आणणार आहोत हे पहिल्या पोस्टच्या आधी मोकळेपणाने बोलून घ्या. माझा नियम असा: तो अन्याय खोटा पुसून टाकायचा नाही, पण सीनमध्ये कुणाच्याही जातीवरून शिवीगाळ लिहायची नाही, आणि ज्याला त्या प्रसंगात भाग घ्यायचा नसेल त्याचं पात्र तेव्हा दुसऱ्या गाडीवर असेल. त्याला काही समजवायला जाऊ नका.

उरलेले नियम थोडकेच:

- दुसऱ्याच्या पात्राचं बोलणं, वागणं, इजा त्याला विचारल्याशिवाय लिहायची नाही
- खेळाडूने वाचलेलं पात्राला आपोआप माहीत होत नाही
- खेळाबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात, आणि दोन ओळींपेक्षा जास्त असेल तर गप्पांच्या चॅनेलवर
- पात्राच्या चित्रासाठी खऱ्या माणसाचा फोटो वापरायचा नाही

६. तीन-चार जणांत चाचणी

हा टप्पा गाळू नका. विश्वासातले तीन-चार जण घ्या, पाच दिवसांचा एकच छोटा सीन खेळा. पेठेतल्या सावकाराकडून मुखवट्यांची गहाण पेटी सोडवून आणायची, इतपत. कथा कशी वठते यापेक्षा इतर गोष्टींकडे लक्ष द्या: बॉट चालतो का, फोनवरून सगळं दिसतं का, दोन पोस्टमध्ये सरासरी किती वेळ जातो, कुणाला कुठे विचारावं लागलं. जो प्रश्न दोघांनी विचारला त्याचं उत्तर नियमांत घाला.

चाचणीतली माणसं हाच पुढे तुमचा आधार. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने एका नव्या खेळाडूला आपल्या सीनमध्ये ओढून घ्यायचं, हे त्यांच्याशी ठरवून ठेवा.

७. नावनोंदणी

फॉर्म पाच मिनिटांत भरून व्हावा. पात्राचं नाव, मंडळीतलं काम, त्याला काय हवंय, तो काय लपवतोय, आठवड्यातून किती वेळा लिहू शकाल, कोणत्या वेळी. फोन नंबर, पत्ता, खरं पूर्ण नाव मागू नका, त्याची गरजच नसते. ‘पात्राचा पूर्वेतिहास, किमान पाचशे शब्द’ असं मागितलं की चांगले लिहिणारे कामाचे लोक गळतात आणि मोकळा वेळ असलेले तेवढे उरतात.

वेळेच्या उत्तराकडे नीट बघा. आठवड्यातून दोनदा लिहीन म्हणणारा आणि रोज दहादा लिहीन म्हणणारा यांना एका सीनमध्ये बांधलं तर दोघेही वैतागतात. सारख्या वेगाचे लोक एकत्र ठेवा. पुण्या-मुंबईत, दुबईत, जर्मनीत गेलेली आपली मंडळी हमखास येतात. त्यांची रात्र आणि आपली रात्र जुळत नाही हे धरूनच गट पाडा.

बारा जागा असतील तर दहाच भरा. दोन जागा तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा, तेव्हा त्या लागतातच. बाकीच्यांना प्रतीक्षा यादीत असल्याचं त्याच दिवशी कळवा.

८. पहिला दिवस

शुक्रवार किंवा शनिवार, रात्री साडेनऊच्या सुमारास, जेवणं उरकल्यावर. तास-दीड तास तुम्ही स्वतः हजर राहा. पहिली पोस्ट आदल्या दिवशी लिहून, सहसूत्रधाराकडून वाचून घेतलेली असू द्या.

पहिल्या पोस्टची गल्लत मला सगळ्यात जास्त दिसते ती अशी:

‘कृष्णामाईच्या काठी संध्याकाळ उतरत होती. मंडळी थकली होती. उद्या लांबचा पल्ला गाठायचा होता.’

वाचायला बरं आहे, पण हे वाचून कुणी काय लिहायचं? तीन जण ‘मीही थकलो होतो’ असं लिहितात आणि सीन बसतो. त्याऐवजी:

‘कराडच्या अलीकडे दुसऱ्या गाडीचा आस मोडला. पेट्या रस्त्यावर उतरवल्यात, गणपतीचा मुखवटा ठेवलेली पेटी ओली लागते आहे. सुतार म्हणतो उद्या दुपार होईल, पैसे आधी. गावचा पाटील घोड्यावरून येऊन गेला: आज रात्री वाड्यापुढे खेळ करा, जेवण आणि मुक्काम माझा. अंधार पडायला दोन घटका आहेत, आणि सीतेचं काम करणारा पोरगा सकाळपासून कुणाला दिसलेला नाही.’

इथे हिशेबनीसाला सुताराशी घासाघीस आहे, गाडीवानाला आस आहे, मुखवटेवाल्याला पेटी आहे, मंडळीतल्या सूत्रधाराला पाटील आहे, आणि ज्याला काहीच सुचत नाही तो पोरगा शोधायला जाऊ शकतो. पोस्ट टाकण्याआधी शीट उघडा आणि प्रत्येक पात्राच्या नावापुढे लिहा: याला यात हात घालायला काय आहे? एकही रकाना रिकामा राहिला तर पोस्ट पुन्हा लिहा.

९. पहिला महिना: मुक्कामांनी वेग बांधा

प्रवासाच्या खेळाची सोय ही की मुक्काम हाच वेगाचा हिशेब होतो. एक मुक्काम दोन आठवड्यांचा. पहिले दहा दिवस खेळ, मग दोन दिवस उरलेली टोकं बांधायची, मग दोन दिवस सुट्टी. मुक्काम सुटायची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. शेवट दिसत असला की मागे पडलेला माणूसही ‘पुढच्या मुक्कामाला येतो’ म्हणतो आणि खरंच येतो.

अपेक्षा ४८ तासांत एक पोस्ट, एवढीच ठेवा. जास्त लिहिणाऱ्यांना आवरणं हे पहिल्या आठवड्यातलं तुमचं खरं काम. दोन जण समोरासमोर ऑनलाइन असले की रात्रीतून चाळीस पोस्ट टाकतात आणि बाकीच्यांना सकाळी सगळं उरकलेलं मिळतं. मुख्य चॅनेलवर स्लो मोड, म्हणजे एकाच माणसाच्या दोन पोस्टमध्ये सक्तीचं अंतर, लावा. तो जास्तीत जास्त सहा तासांपर्यंत ठेवता येतो. दोघांना फार बोलायचं असेल तर त्यांच्यासाठी वेगळा थ्रेड उघडा आणि त्यात ठरलेली महत्त्वाची गोष्ट मुख्य चॅनेलवर एका ओळीत सांगायला लावा.

दर रविवारी आठवड्याचा गोषवारा सूचनांमध्ये टाका: काय घडलं, कोण कुठे आहे, कोणती गोष्ट अडली आहे. दहा ओळी पुरे. आजारी पडून आठ दिवसांनी परतलेला खेळाडू या दहा ओळींच्या बळावर खेळात राहतो, म्हणून कितीही कंटाळा आला तरी हे चुकवू नका.

तिसऱ्या आठवड्यात पोस्ट कमी होतातच. त्या वेळी नवं मोठं संकट, नवा खलनायक, नवे चॅनेल असं काही आणू नका. गाड्या साताऱ्याला पोचवा, राखून ठेवलेले दोन खेळाडू आत घ्या. नवी पात्रं आली की जुन्यांना आपली गोष्ट कुणाला तरी सांगायला मिळते आणि लेखन आपोआप सुरू होतं.

१०. कुणी गप्प झालं तर

चार दिवस पोस्ट नाही: खासगीत एक साधा निरोप, ‘बरं आहे ना? घाई नाही.’ सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारू नका. दहा दिवस: पात्र गाडीत तापाने झोपलेलं दाखवा, म्हणजे इतरांचं अडत नाही. मुक्काम बदलला तरी उत्तर नाही: पात्र त्या गावी मागे राहतं, मारू नका. शिरवळला नीरा ओलांडताना ते धावत येऊन मंडळीला गाठू शकेल एवढी वाट उघडी ठेवा.

एखादा खेळाडू नियम मोडत असेल तर एकदा खासगीत समज, दुसऱ्यांदा सहसूत्रधारासमोर, तिसऱ्यांदा बाहेर. कुणी आपल्याला खासगीत त्रास दिल्याचं सांगितलं तर मात्र या पायऱ्या नकोत. स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगा, त्या माणसाचा रोल लगेच काढा आणि मग चौकशी करा.

दोन मुक्काम झाले, म्हणजे साधारण महिना झाला, की सगळ्यांना तीन प्रश्न विचारा: वेग जास्त, कमी की बरोबर, कुणाच्या पात्राबरोबर अजून सीन झालेला नाही, पुण्यापर्यंत यायचं आहे का. तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणणाऱ्याला त्याच्या पात्राचा निरोपाचा सीन सातारच्या मुक्कामातच द्या, आणि मगच पुढच्या मुक्कामाचं लिहायला घ्या.